तीन खाटा, एक भिंत आणि सोळाशे रुपये

कानात इअरफोन आहेत ना? बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ऐकायला वेळ भरपूर असतो, पण हॉर्नही तेवढेच असतात.

आजचा विषय आहे रूम. शेअरिंगची रूम, तीही आपल्या विद्यार्थी बजेटमधली. मी राहते माणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माण हे मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडी आयटी पार्कचा फेज थ्री माणच्याच हद्दीत येतो आणि हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचा डेपोही माणलाच आहे. एका बाजूला काचेच्या बिल्डिंगा, दुसऱ्या बाजूला गोठा, आणि मध्ये आमच्यासारख्यांच्या पीजी. इथे आयटीवाले राहतात, चाकण-भोसरीच्या कंपन्यांत अप्रेंटिसशिप करणारी पोरं राहतात आणि आजूबाजूच्या कॉलेजांमधले आम्हीही राहतो.

आमची रूम तिघींची. एक लातूरची, एक चाळीसगावची आणि मी. तीन लोखंडी खाटा, तीन कपाटं, एक खिडकी, एक पांढरी ट्यूबलाइट. मोबाइलवर रूम डेकोरचे व्हिडिओ बघितले तर त्यात एकच मुलगी असते, मोठी खिडकी असते आणि भिंतीला काहीही चिकटवायची परवानगी असते. आपल्याकडे यातलं काहीच नसतं. म्हणून आज आपल्याच रूमचं बोलू.

आधी फोटो, मग फेअरी लाइट

रूम ताब्यात घेतली की पहिल्या दिवशी सामान आत नेण्याआधी व्हिडिओ काढायचा. चारही भिंती, खिडकीची जाळी, कपाटाच्या आतली बाजू, बाथरूमची टाइल, स्विचबोर्ड. तो पीजीच्या मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप करायचा. खाली साधं लिहायचं, "काका, आज रूम अशी मिळाली." बस.

हे का सांगतेय? मी आधी ज्या पीजीत होते, तिथे सोडताना माझ्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. भिंतीचे पोपडे मी यायच्या आधीपासूनचे होते, पण माझ्याकडे फोटो नव्हता आणि त्यांच्याकडे माझे पैसे होते. त्यामुळे सजावटीचं पहिलं सामान म्हणजे तुमच्या फोनचा कॅमेरा. तो फुकट आहे.

तीन प्रश्न

आम्ही काहीही विकत घ्यायच्या आधी चहा घेऊन बसलो आणि एकमेकींना तीन प्रश्न विचारले. तू कधी झोपतेस? तुला रूममध्ये काय अजिबात नकोय? आणि तुला किती पैसे जमतील?

पहिल्या प्रश्नाने आमची अर्धी खरेदी ठरवली. लातूरवाली पहाटे पाचला उठून अभ्यास करते. मी रात्री दोनपर्यंत जागी. म्हणजे ट्यूबलाइट लावली की कोणाची तरी झोप जाणार. आम्हाला भिंतीवरच्या झगमगीत माळेपेक्षा तिघींना तीन वेगळे दिवे हवे होते.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं, "अगरबत्ती नको, मला शिंका येतात." हे आधी कळलं म्हणून बरं.

तिसऱ्या प्रश्नावर चाळीसगाववाली गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "माझं धरू नका गं. तुम्ही दोघी करा." तिची शिष्यवृत्ती जमा व्हायची होती आणि मेसचेच पैसे तिने उसने घेतले होते. आता दोघींच्या पैशांतून तिघींची रूम सजवली, तर रूम कोणाची होते? वर्षभर ती स्वतःच्याच रूममध्ये पाहुण्यासारखी राहिली असती. दिवा लावताना विचारून लावला असता. आणि "राहू दे, आम्ही देतो" म्हणणं आम्हाला सोपं होतं, तिला ते घेणं सोपं नव्हतं.

मार्ग तिनेच काढला. आम्हाला खाटांना पडदे हवे होते. गावातल्या टेलरने चार पडदे शिवायचे आठशे रुपये सांगितले होते. ती म्हणाली, "मी शिवते. मला आजीने गोधडी शिकवलीय, हातशिलाई मशीनला ऐकत नाही." मग हिशोब असा झाला: आम्ही दोघींनी आठशे-आठशे रोख दिले आणि तिने आठशेचं काम दिलं. वहीत तिघींच्या नावापुढे सारखाच आकडा लिहिला.

हे काही आमचं डोकं नाही हां. महाराष्ट्रात वसतिगृहाची गोष्ट सुरू होते तीच मुळी अशा हिशोबापासून. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर शहरात आधी राहायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं. पुढे 1924 मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि कामं वाटून करायची. 'कमवा आणि शिका' आपण सगळ्यांनी ऐकलंय. श्रम दिले की ती वर्गणीच, उपकार नाही. फक्त एक काळजी घ्या. कामाची ऑफर ज्याची त्याने द्यावी. "तुझ्याकडे पैसे नाहीत ना, मग तू झाड-पूस कर" असं बाकीच्यांनी ठरवायला लागलात, तर ते रूमचं वातावरण कायमचं बिघडवेल.

सोळाशेचा हिशोब

आता ज्याची तुम्ही वाट बघताय ते. क्लिपचे एलईडी दिवे तीन, 220 प्रमाणे 660. प्लंबिंगचा अर्धा इंची पीव्हीसी पाइप, दोन नग, 220. लाकडी पॅलेट दोन, 240. पॉलिश पेपर 40. चिकटवायचे हुक 150. चांगला एक्स्टेन्शन बोर्ड 290. झाले 1600. हे आमच्या वेळचे, घासाघीस करून मिळालेले भाव आहेत. तुमच्याकडे थोडं वर-खाली होईल.

दिवे घेताना खोक्यावर केल्विनचा आकडा बघा. 6500 लिहिलं असेल तर पांढरा-निळसर उजेड, म्हणजे ट्यूबलाइटसारखा. 3000 किंवा 2700 असेल तर पिवळसर, घरच्यासारखा. रूम 'कोझी' दिसते ना व्हिडिओत, त्यातलं अर्धं श्रेय या आकड्याचं असतं. एकाच किमतीत दोन्ही मिळतात, फक्त मागताना "वॉर्म" म्हणायचं.

पडदा

पडद्यांसाठी घरून जुन्या सुती साड्या आणल्या. माझ्या आईची एक, लातूरच्या काकूंच्या दोन, आणि चाळीसगावहून आजीची एक, जी इतकी मऊ झालीय की ती दिवसभर गालाला लावून बसावंसं वाटतं. भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती, म्हणून पीजीच्या काकूंना विचारलं, "काकू, खाटेला पाइप बांधला तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "भिंतीला हात लावू नका, खाटेचं काय करायचं ते करा." पाइपचे तुकडे खाटेच्या चारही पायांना नायलॉनच्या दोरीने उभे बांधले, वर आडवा पाइप, त्यात साडीचा नेफा ओवला. खोलीला एकही भोक नाही.

साडी सुतीच का? सिंथेटिक कापड आग पकडलं तर वितळतं आणि अंगाला चिकटतं. सुती कापडही जळतंच, म्हणून दिवा पडद्यापासून लांब आणि रूममध्ये मेणबत्ती बंद, हा आमचा नियम.

या पडद्याबद्दल अजून एक सांगते. खाट सहा बाय तीनची, म्हणजे 18 चौरस फूट. शेअरिंगमध्ये तेवढीच जागा आपली असते. घरून फोन आला आणि बाबांचा आवाज बरा वाटला नाही, पेपर वाईट गेला, किंवा नुसतंच कोणाशी बोलायचं नाहीये, अशा वेळी जायचं कुठे? बाथरूममध्ये नळ सोडून रडणाऱ्या मुली मी बघितल्यात. पडदा ओढला की बाकीच्या दोघींनी हाक मारायची नाही, हे आम्ही ठरवलंय. सोळाशेतली सगळ्यात कामाची वस्तू कोणती असं विचाराल, तर मी दोरी आणि साडी सांगेन, आणि साडीचे तर पैसेही पडले नाहीत.

पॅलेट घेताना शिक्का बघा

आपण राहतो त्या पट्ट्याचा एक फायदा आहे. चाकण, भोसरी, तळवडे, सगळीकडे कंपन्यांत माल लाकडी पॅलेटवर आणि खोक्यांत येतो. माल उतरला की ते लाकूड भंगारात जातं. चिखलीजवळची कुदळवाडी तर भंगाराच्या गोदामांसाठीच ओळखली जायची. तिथे फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेची मोठी पाडापाडीची कारवाई झाली. तरी पॅलेट विकणारे पट्ट्यात अजून ठिकठिकाणी भेटतात. दोन पॅलेट एकावर एक ठेवले की पुस्तकांचं बैठं टेबल तयार.

पण उचलण्याआधी लाकडावरचा शिक्का वाचा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असतं, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि पुढे प्रक्रियेची अक्षरं. एच-टी असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली आहे, आतपर्यंत 56 अंश सेल्सिअस, निदान 30 मिनिटं. हे घ्या. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. हे रूममध्ये नको. तेलाचे किंवा केमिकलचे डाग असतील तर फुकट दिलं तरी नको. घरी आणल्यावर उन्हात दोन दिवस, मग पॉलिश पेपर, तोंडाला रुमाल बांधून आणि टेरेसवर. लाकडाची शिलक बोटात गेली की मग इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पेपर कसा देणार?

बाकी छोट्या गोष्टींसाठी पुण्यातला जुना बाजार आहे, मंगळवार पेठेजवळ, रविवारी आणि बुधवारी. आरसा, जुनी फ्रेम, पितळी कडी, काहीही मिळतं. कापड-किडुकमिडुक तुळशीबागेत. पहिला सांगितलेला भाव खरा धरायचा नाही, एवढं तुम्हाला आईने शिकवलं असेलच.

बोर्ड आणि पाऊस

आता दोन कंटाळवाण्या पण जीव वाचवणाऱ्या गोष्टी.

एक, वीज. लहान पिनचा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. आपला व्होल्टेज 230. गुणाकार करा, 1380 वॅट. त्या एका सॉकेटवरून एक्स्टेन्शन घेतला, तर त्यावरच्या सगळ्या वस्तू मिळून एवढ्यातच बसायला हव्यात. दिवे, चार्जर, लॅपटॉप सहज बसतात. 1500 वॅटची किटली एकटीच बसत नाही. इंडक्शन तर विसराच. बोर्ड हाताला गरम लागला की लगेच काढा. आणि बोर्ड गादीखाली किंवा पडद्यामागे लपवायचा नाही, तो कितीही कुरूप दिसला तरी.

दोन, पाऊस. माण सह्याद्रीच्या जवळ, मुळशीच्या बाजूचा पाऊस इकडेही चांगलाच लागतो. जूनमध्ये लावलेलं पोस्टर ऑगस्टमध्ये मागून काळं पडतं. बाहेरच्या भिंतीवर कागद, कापड काहीच लावू नका. खाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा म्हणजे हवा खेळते. ओले कपडे रूममध्ये वाळत घालू नका, आणि घालावेच लागले तर खिडकी उघडी ठेवा. तागाच्या वस्तू दिवाळीनंतर आणा.

हुकांचं पण सांगते. साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर हुक चिकटवला तर काढताना रंगाचा पापुद्रा घेऊनच निघतो. म्हणून आम्ही सगळे हुक कपाटाच्या पत्र्यावर आणि दारामागे लावले. काढताना हेअर ड्रायरची गरम हवा द्यायची, डिंक सैल होतो.

भिंत मग रिकामीच राहिली का? नाही. खिडकीच्या जाळीला एक दोरी आडवी बांधली, कपड्याचे चिमटे लावले आणि तिघींनी प्रत्येकी तीनच फोटो टांगले. तीनच का, कारण एकीचे वीस आणि दुसरीचे दोन झाले की भिंत एकीची होते. खाली काचेच्या बाटलीत मनी प्लांटची फांदी, काकूंच्या कुंडीतली, मागून घेतलेली.

परवा शेजारच्या रूममधल्या मुली बघायला आल्या आणि म्हणाल्या, "पडदे कुठून घेतले गं?" चाळीसगाववालीने वर न बघताच भाव सांगितला, "दोनशे रुपये नग. साडी तुमची." तिला आता चार ऑर्डरी आहेत.

तर, तुम्ही या आठवड्यात एवढंच करा. आज रूमचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवा. आणि रात्री रूममेटला ते तीन प्रश्न विचारा, त्यातला तिसरा जरा हळू आवाजात, एकेकीला वेगळं. खरेदी नंतर.

पुढच्या भागात बोलू मेसच्या डब्यावर. तोपर्यंत काळजी घ्या, बोर्ड तपासा. भेटू!