संपाचे बळ आणि घरचे बळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मोटारींच्या कारखान्यातील संपावर मी बोलणार हे कळल्यावर कित्येकींना नवल वाटले. हा विषय पुरुषांचा नि पुढाऱ्यांचा, त्यात आपले काय, असे काहीजणी म्हणाल्याही. परंतु आपल्या वैराग-बार्शीकडची कितीतरी मुले पिंपरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत आहेत. तिथे संप झाला की पगार थांबतो आणि त्याची झळ थेट इथल्या चुलीला लागते. तेव्हा संपात कोणाचे बळ कशाने वाढते व कशाने घटते, हे आपण समजून घेतलेच पाहिजे.

बाजारातले उदाहरण घ्या. मेथीची जुडी सकाळी ज्या भावाने जाते, त्या भावाने ती दिवेलागणीला जात नाही. कारण उद्या ती सुकणार हे घेणाराही जाणतो. ज्वारीचे तसे नाही. भाव पडला तर ती कणगीत ठेवता येते. कामगाराचे श्रम मेथीसारखे असतात. आजचा दिवस विकला गेला नाही, तर तो साठवून उद्या विकता येत नाही. मालकाजवळ भांडवल असते, म्हणून तो थांबू शकतो. पण तोही अगदी निर्धास्त नसतो. यंत्रे उभी राहिली तरी कर्जाचे व्याज उभे राहत नाही, आणि गाडी मिळाली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जाते. दोघांपैकी कोण जास्त दिवस थांबू शकतो, यावर ही घासाघीस ठरते.

म्हणून संपाचा विचार करताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : आपण हात आखडला तर काम खरोखर थांबते का?

इंग्लंडमध्ये डॅगनहॅम येथे फोर्ड कंपनीचा कारखाना होता. मोटारींच्या आसनांची कव्हरे तिथे बायका शिवीत. त्यांचे काम बिनकसबी ठरवून त्यांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी दिली जाई. जून १९६८ मध्ये १८७ शिवणकामगार स्त्रियांनी संप केला. संख्या ती केवढी! परंतु आसनाशिवाय मोटार विकता येत नाही, आणि ते काम दुसरे कोणी करीत नव्हते. काही आठवड्यांत मोटारींचे उत्पादन ठप्प झाले आणि मंत्रीणबाई बार्बरा कॅसल यांना मध्ये पडावे लागले. स्त्रियांची मजुरी पुरुषांच्या ९२ टक्क्यांपर्यंत आली आणि १९७० मध्ये तिथे समान वेतनाचा कायदा झाला. त्यांचे काम कसबाचे आहे हे मान्य व्हायला मात्र १९८४ साल उजाडले, आणि त्यासाठी पुन्हा संप करावा लागला.

आता आपल्याकडे पाहा. चाकणच्या बजाज कारखान्यात २५ जून २०१३ रोजी संप सुरू झाला. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्यावेत, अशीही एक मागणी होती. पण कंपनीने काही उत्पादन चालू ठेवले, आणि इथले काम वाळूजच्या कारखान्यात हलवू, असा इशारा दिला. पन्नास दिवसांनी मागणी पदरात न पडताच कामगार कामावर परतले. कामगारांची चिकाटी कमी होती असे कोण म्हणेल? पन्नास दिवस पगाराविना काढणे सोपे नाही. पण तीच गाडी दुसरीकडे तयार होऊ शकत असेल, तर इथला संप अर्धाच लागू पडतो.

दुसरा प्रश्न : आपण सगळे एक आहोत का? पुण्याच्या टेल्कोमध्ये, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, १९८८-८९ साली मोठा झगडा झाला. कामगारांचे नेते राजन नायर यांना कंपनीने कामावरून काढले होते. त्यांच्यामागे हजारो कामगार होते. कंपनीने मात्र दुसऱ्या संघटनेशी वेतनाचा करार केला. सप्टेंबर १९८९ मध्ये नायर यांच्याबरोबर हजारो कामगार शनिवारवाड्यापाशी बेमुदत उपोषणाला बसले. २८-२९ सप्टेंबरच्या रात्री पोलिसांनी त्यांना उचलले, आणि मग संप कोसळला. न्याय कोणाकडे होता यावर आजही दोन मते निघतील. पण एका कारखान्यात दोन संघटना झाल्या की मालकाला निवड करता येते, हे दोन्ही बाजूंना मान्य होईल. आज तर एकाच यंत्राशी एक कायम आणि एक कंत्राटी कामगार उभा असतो. कायम कामगारांनी कंत्राटी भावाला बाहेर ठेवले, तर आपले बळ ते आपल्याच हाताने कमी करतात.

तिसरा प्रश्न आपल्या घरचा : किती दिवसांचा शिधा आहे? अमेरिकेतील मोटार कामगारांची संघटना महिन्याला साधारण अडीच तासांच्या मजुरीइतकी वर्गणी घेते. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने तीन मोठ्या कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला, तेव्हा संपावरच्या प्रत्येकाला आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. शिवाय सगळे कारखाने एकदम बंद न करता मोजके कारखाने बंद करून संघटनेने निधी राखून वापरला. सुमारे सहा आठवड्यांत तिन्ही कंपन्यांशी समझोता झाला आणि कराराच्या मुदतीत २५ टक्के पगारवाढ ठरली. ही गंगाजळी एका दिवसात जमली नव्हती. शांततेच्या काळात ती साठवली होती.

आपल्या मुलांच्या संघटनेपाशी असा निधी असेलच असे नाही. मग तो घरात असावा लागतो. म्हणून माझी सूचना अशी की, ज्या घरचा मुलगा कारखान्यात आहे, त्या घराने निदान तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम वेगळी ठेवावी. आपल्या बचत गटांनी त्यासाठी स्वतंत्र खाते धरावे. गळ्यातले गहाण टाकून चालवलेला संप सावकाराच्या तारखेवर चालतो.

“संपात पडू नकोस बाबा,” असे काही आया म्हणतात, काही म्हणतात, “मागे हटू नकोस.” दोन्ही मायेपोटीच. पण आधी हे तीन प्रश्न मुलाला, आणि सुनेलाही, विचारा. उत्तरे भक्कम असतील तर पाठीशी उभ्या राहा. भक्कम नसतील तर तसे स्पष्ट सांगा. बळ जमेपर्यंत बोलणी चालू ठेवणे हा भित्रेपणा नव्हे. पगार त्याच्या नावाचा असला तरी त्यावर चूल आपण चालवतो. तेव्हा संपाच्या निर्णयात आपलेही मत घेतले गेले पाहिजे.