चुलीच्या धुराचा हिशेब

उत्तर प्रदेशात लखनऊहून सुलतानपूरच्या बाजूला निघाले की वाटेतल्या खेड्यांत भिंतीभिंतींवर गोवऱ्या थापलेल्या दिसतात. इथे त्यांना उपले किंवा कंडे म्हणतात. जोडीला लाकूडफाटा आणि तुराट्या. याच भागातल्या खैरातपूर गावात २००९ साली ‘प्रोजेक्ट सूर्य’ सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि दिल्लीची ‘टेरी’ ही संशोधन संस्था यांनी घरात, अंगणात आणि जवळच्या महामार्गावर एकाच वेळी काजळी मोजली.

पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, स्वयंपाकाच्या या वेळांना आकडे एकदम चढत. घरातली काजळी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत जाई, काही क्षणी हजारापर्यंत. बाहेरच्या हवेतही ती ३० पर्यंत पोचे. महामार्गावरच्या मोजणीतसुद्धा गावच्या स्वयंपाकाच्या वेळा उमटल्या होत्या! दिवसातून एकदा, भर उजेडात डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला या दोन्ही वेळा दिसतच नाहीत. म्हणजे वातावरणातल्या काजळीचा अंदाज कमी पडत असणार, असा इशारा या अभ्यासाने २०११ साली दिला.

काजळी हा वायू नव्हे. पण ती ऊन शोषते आणि हवा तापवते. चुलीतून वायूही निघतात, आणि त्यांच्याविषयी एक समज फार पक्का आहे: लाकूड जळले तरी नवे झाड तेवढाच कार्बन पुन्हा शोषून घेते, मग चूल निर्दोषच. चुलीच्या धुराचे अभ्यासक कर्क स्मिथ आणि टेरीच्या संशोधकांनी भारतातल्या चुली आणि इंधनांच्या अठ्ठावीस जोड्या तपासून हा समज खोडून काढला. त्यांचा अहवाल २००० साली आला. चुलीत लाकूड पुरते जळत नाही. त्या अर्धवट जळण्यातून मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर हायड्रोकार्बन बाहेर पडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन, वजनास वजन धरले तर, कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. नवे झाड कार्बन डायऑक्साइड परत घेईल, मिथेन घेणार नाही. त्यामुळे जेवणामागे जेवण मोजले, तर खनिज तेलातून आलेला स्वयंपाकाचा गॅस अनेकदा चुलीपेक्षा कमी तापवणारा ठरतो.

पर्यावरणाची काळजी वाहणाऱ्या अनेकांना हे पचत नाही. पण शहरातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत गॅस असताना खेड्यातल्या बाईला मात्र सरपणाचे गुणगान ऐकवणे हा अन्याय आहे.

चूल सुधारण्याचे प्रयत्न झाले. निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला, २००२च्या सुमारास आटोपला. कोट्यवधी चुली बसल्याची नोंद झाली, पण दुरुस्तीची सोय नसल्याने असंख्य चुली मोडल्या आणि घरे जुन्या चुलीकडे वळली. पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने वेगळी वाट धरली: उसाच्या पाचटाचा कोळसा, त्यावर चालणारा सराई कुकर, घरगुती बायोगॅस. या कामाला २००२ आणि २००६ साली अॅश्डेन पुरस्कार मिळाले.

मग गॅस आला. गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी याच उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली, आणि आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९मध्ये आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत दिली गेली. हे काम मोठेच. पण २०१९-२०मध्ये या घरांनी वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर भरून घेतले. पाच माणसांचे सगळे रांधणे गॅसवर करायचे तर आठ-नऊ तरी लागतात. उरलेले महिने चूल पेटतेच. मोलमजुरी रोजची, आणि सिलिंडरचे पैसे एकरकमी. उपले मात्र घरच्या म्हशीच्या शेणाचे, फुकटचे.

म्हणून मोजायचे ते वर्षाकाठी भरलेले सिलिंडर, नुसत्या जोडण्या नव्हेत. उत्तर प्रदेश सरकार उज्ज्वलाच्या घरांना होळी आणि दिवाळीला एकेक सिलिंडर मोफत देते. पण पावसाळ्यात सरपण ओले असते, गोवऱ्या भिजतात, धूर सर्वांत दाट होतो. तिसरा मोफत सिलिंडर द्यायचा झाला, तर तो श्रावणात द्यावा.