दोन सीटांची गाडी आणि तिसरा प्रवासी



अमेरिकेत आमच्याकडे 1967 ची एमजीबी रोडस्टर आहे. सीटा दोनच. ‘लेकीची खुर्ची पुढे बसवता येईल ना?’ असं सगळे विचारतात. गाडीला एअरबॅग नाही, हे एका अर्थी बरंच. पाठमोऱ्या बसवलेल्या बाळाच्या खुर्चीवर ती नेमकी डोक्याजवळ आदळते. पण खुर्ची घट्ट जखडणारा पट्टा हवा. आणि गाडी उलटली तर? वर नुसता कापडी टप! शाळेत शिकलेलं गणित करा: ताशी 50 किलोमीटरने धडकणं म्हणजे सुमारे 10 मीटरवरून पडणं. म्हणून लेक मोठी होईपर्यंत दुसऱ्या गाडीत, मागच्याच सीटवर बसेल. आमची हौस थांबेल तोवर.