आश्रय आणि वशिला



फौजेत असताना गावाकडचे लोक भेटायला येत. चहा झाला की हळूच म्हणत, "साहेब, पोराच्या भरतीसाठी एक शब्द टाका." मी टाकत नसे. एका काकांनी तर तोंडावर विचारलं, "मग एवढा साहेब होऊन उपयोग काय?" तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे.

प्राचीन रोममध्ये 'पॅट्रोनस' म्हणजे पाठीराखा. मालकाने गुलामाला मुक्त केलं, तरी तोच मालक त्याचा पॅट्रोनस होई. बेडी सुटे, बांधिलकी राही. ईस्ट इंडिया कंपनीत 'पॅट्रोनेज' म्हणजे संचालकांच्या हातातल्या नेमणुका. मुलकी नोकऱ्यांवरचा त्यांचा हा हक्क १८५३ च्या कायद्याने गेला आणि स्पर्धा परीक्षा आल्या. ब्रिटनच्या पायदळात आणि घोडदळात तर १८७१ पर्यंत अधिकाऱ्याचं पद चक्क विकत मिळे.

आता बडोद्याला या. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षांची. अट अशी की परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते रुजू झाले. महाराजांचे लष्करी सचिव! पण शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. शेवटी ते मुंबईला परतले.

म्हणजे महाराजांचा आश्रय तिथे अपुरा पडला. नोकरी गेली, घर मिळालंच नाही. पण त्या तीन वर्षांत मिळवलेली विद्या कोणाला काढून घेता आली नाही, आणि तिचा उपयोग पुढे साऱ्या देशाला झाला.

मला फरक इथे दिसतो. वशिल्याने दुसऱ्याच्या हक्काची जागा आपल्या माणसाला मिळते. आश्रयाने माणसाच्या अंगात बळ येतं, आणि ते त्याचंच राहतं.

काकांना त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "शब्द टाकणार नाही. मी महिनाभर सुट्टीवर आहे. पोराला उद्या पहाटे पाचला मैदानावर पाठवा, मी त्याच्याबरोबर धावेन."

काका रागावून गेले. पोरगा मात्र आला.