पांढरा दिवा मागून मिळत नाही



पुरस्कार वाटण्याआधी अध्यक्षांनी कौतुकाचे चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. कौतुक मी करणारच, पण ते भांडूनच करावं लागेल. ज्या पॉवरलिफ्टिंगसाठी समोर बसलेल्या या पोरांनी वर्ष घातलं, त्या खेळाची अब्रू बाहेरचे काढतात आणि ती विकायला आपल्यातलेच काही जण बसलेत. हे बोलायचं नसेल तर या खुर्चीवर बसण्यात अर्थ नाही.

आधी कौतुक. स्पर्धेच्या दिवशी स्क्वॉटचे तीन, बेंच प्रेसचे तीन, डेडलिफ्टचे तीन, असे नऊच प्रयत्न मिळतात. बार लावून झाला की मिनिटाच्या आत सुरुवात करायची. एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न गेले तर टोटलच नाही. बाकी दोन्हींत कितीही वजन उचललेलं असो, नाव निकालाबाहेर. एवढ्यासाठी ही पोरं वर्षभर काय करतात, ते आम्ही बघतो. इचलकरंजीत रात्रपाळीला यंत्रमाग चालवून, तोंडावर पाणी मारून थेट जिममध्ये येणारा मुलगा आज इथे बसलाय. सांगलीच्या मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती पाठीवर घेऊन संध्याकाळी पुन्हा स्क्वॉटच्या रॅकखाली उभा राहणारा हमाल आहे. साठी ओलांडल्यावर मास्टर्स गटात उतरलेले निवृत्त गुरुजी आहेत. घरचा डबा, शेताची कामं आणि बारावीचा अभ्यास उरकून सराव करणारी मुलगी आहे. यांच्यातल्या एकालाही कुणी फुकट काही दिलेलं नाही.

आता भांडण. पहिलं बाहेरच्यांशी.

दर वेळी एक प्रश्न तोंडावर फेकला जातो: "तुमचा खेळ ऑलिंपिकमध्ये कुठाय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात घेऊन जायला तयार आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं ते मैदान 1912 साली पूर्ण झालं. तिथली मातीतली कुस्ती ऑलिंपिकमध्ये नाही; तिथे गादीवरची कुस्ती आहे. म्हणून शंभर वर्षं त्या मातीत घाम गाळणारे मल्ल खेळाडू नव्हते, असं म्हणायची कुणाची छाती आहे का? मग लोखंड उचलणाऱ्या पोराला कोणत्या तोंडाने विचारता? आणि माहिती घ्यायचीच असेल तर पुरी घ्या. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ 1972 सालचा. ऑलिंपिकबाहेरच्या खेळांसाठी वर्ल्ड गेम्स भरतात, त्यांत हा खेळ 1981 च्या पहिल्या स्पर्धेपासून आहे. अपंग खेळाडूंसाठीची बेंच प्रेसची पॉवरलिफ्टिंग 1984 पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. त्याच मंचावर 2004 साली अथेन्सला पंजाबच्या राजिंदर सिंग रहेलूने भारतासाठी कांस्यपदक घेतलं, आणि 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत हरियाणाच्या सुधीरने पॅरा पॉवरलिफ्टिंगचं सुवर्ण.

त्याच बर्मिंगहॅममध्ये आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात रौप्य मिळवलं, एकूण 248 किलो उचलून. वडिलांची पानटपरी सांभाळत वाढलेला मुलगा. सगळ्या जिल्ह्याची छाती फुगली, माझीही. संकेतचा खेळ वेटलिफ्टिंग, म्हणजे स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, आपला वेगळा. पण त्याच्या पदकाच्या आठवड्यात हार घेऊन धावणाऱ्या पुढाऱ्यांना हा फरक ठाऊक नव्हता, आणि आमच्या पोरांना रेल्वेच्या भाड्याची गरज असते तेव्हा मात्र तो फरक त्यांना पाठ असतो. हे मी त्यांच्या समोर बोलतोय, कारण त्यांच्यातले दोघे आज पहिल्या रांगेत आहेत.

बाहेरच्यांशी भांडण इथे थांबवतो. खरं दुखणं घरात आहे.

स्क्वॉटचा नियम काय? मांडीचा नितंबाच्या सांध्याजवळचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्याखाली गेला पाहिजे. तीन पंच तीन बाजूंनी बघतात. दोन पांढरे दिवे लागले तर वजन मान्य, नाहीतर नाही. नियम इतका सरळ आहे. आणि तरी या वर्षीच्या स्पर्धेत किती जण पंचांच्या अंगावर धावून गेले, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. "पोरगं एवढं लांबून आलंय, द्या की पांढरा." "दोन बोटांचा तर फरक आहे." एका पालकाने आमच्या महिला पंचांना विचारलं, तुम्हाला काय कळतं? ज्या बाईंनी परीक्षा देऊन पंचाचा बिल्ला मिळवलाय आणि दिवसभर जेवण बाजूला ठेवून खुर्चीवरून नजर हलवलेली नाही, त्यांना हा प्रश्न! त्यांची माफी मी संघटनेच्या वतीने इथे, सगळ्यांसमोर मागतो. आणि त्या पालकांना सांगतो, त्या दिवशी तुमच्या मुलाला मिळालेला लाल दिवा ही त्याला वर्षभरात मिळालेली सर्वांत प्रामाणिक शिकवणी होती. जिममध्ये अर्ध्यावर बसून उचललेल्या वजनाचे व्हिडिओ काढणाऱ्या मित्रांनी त्याला फसवलं होतं. पंचांनी फसवलं नाही.

पण लाल दिवा सोसवत नसेल तर आता दुसरी सोय झालीय. एका खेळाच्या चार संघटना, प्रत्येकीची आपली राज्य स्पर्धा, आपली राष्ट्रीय स्पर्धा. वजनी गट आधीच पुरुषांचे आठ आणि महिलांचे आठ. त्यांवर सब-ज्युनिअर, ज्युनिअर, सीनियर, मास्टर्स. त्यांवर साध्या पोशाखातला क्लासिक आणि आधार देणाऱ्या घट्ट पोशाखातला इक्विप्ड. त्यांवर नुसती बेंच प्रेस, नुसती डेडलिफ्ट. गट मूळचे रास्त आहेत. 47 किलोच्या मुलीने 84 किलोच्या मुलीशी का झुंजावं? सोळा वर्षांच्या पोराने तिशीतल्या गड्याशी का? पण काही मंडळींनी या गटांची वाटणी अशी केली की प्रवेश शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात काहीतरी पडतंच. गटात एकटाच उतरायचं, उचलायचं ते उचलायचं, आणि गावात "राष्ट्रीय सुवर्णपदक विजेता" असा फ्लेक्स लावायचा. गावालाही खरं वाटतं, आणि त्या पोरालाही. मला राग येतो तो याचा. पुढे ते पोर खऱ्या पंचांसमोर उभं राहतं तेव्हा त्याचे तिन्ही स्क्वॉट लाल जातात, आणि ते खेळ सोडतं. त्याला पदक विकणारा तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

आणि यात फक्त मानापमान नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं आपल्याच राज्यात उघडकीला आली. असं प्रत्येक प्रमाणपत्र कुणाच्या तरी ताटातलं असतं. ते ओढलं जातं खऱ्या खेळाडूच्या पुढ्यातून, बहुतेक वेळा अशा मुलाच्या की ज्याच्या घरात ती पहिली पगाराची नोकरी ठरली असती. शिक्षा झालीच तर पकडल्या गेलेल्या उमेदवाराला होते. कागद छापून देणारे मोकळे राहतात आणि पुढच्या वर्षी मंचावर हारतुरे घेतात. आमच्या मंचावर ते येणार नाहीत, एवढं मी आज जाहीर करतो.

म्हणूनच या वर्षी पुरस्कार निवड समितीने तीन गोष्टी ठरवल्या. गटात एकट्याने खेळून मिळवलेलं सुवर्ण मोजायचं नाही. ज्या स्पर्धेत अधिकृत पंच नव्हते तिथली टोटल मोजायची नाही. सर्वोत्कृष्ट खेळाडू गावाच्या नावावर, शिफारशीवर ठरवायचा नाही; शरीराचं वजन आणि टोटल यांचा मेळ घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीवर ठरवायचा. यामुळे काही जण रुसले. काहींनी या कार्यक्रमावर बहिष्कार टाकला. मला फोनवर सांगण्यात आलं, "अध्यक्षसाहेब, माणसं तुटतील." तुटू देत. ज्या माणसांना जोडून ठेवायला खोटं पदक द्यावं लागतं, ती माणसं आपल्याशी कधी जोडलेलीच नव्हती. आज ज्यांना पुरस्कार मिळणार आहेत त्यांची संख्या मागच्या वेळेपेक्षा कमी आहे. त्यांच्या प्रत्येक किलोमागे पंचांचे पांढरे दिवे आहेत.

आता इंजेक्शनविषयी. इथे मी आवाज खाली आणणार नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2023 च्या आकडेवारीत भारतातले 5,600 हून अधिक नमुने तपासले गेले, त्यांतल्या 3.8 टक्के नमुन्यांमध्ये बंदी असलेली द्रव्यं सापडली. 5,000 हून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. हा कलंक सगळ्या खेळांचा आहे; पण आपल्या खेळात ताकद हेच सर्वस्व असल्यामुळे मोह मोठा आणि विकणारेही जास्त. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला "नुसती पावडर आहे" म्हणून काय दिलं जातं, ते त्याच्या आईबापांना कळत नाही. कळतं ते पकडल्यावर, नाहीतर दवाखान्यात. पकडल्यावर चार वर्षांपर्यंत बंदी त्या पोराच्या वाट्याला येते. मग त्याला तो डबा देणारा प्रशिक्षक कुठे असतो? माझी मागणी स्पष्ट आहे: अल्पवयीन मुलाला उत्तेजक देणाऱ्या प्रशिक्षकाला आयुष्यभर कोणत्याही सराव केंद्राचं दार उघडू नये. खुराक ही आपल्या तालमींची जुनी विद्या आहे. दूध, बदाम, अंडी, मटण, झोप आणि वस्तादाचा धाक. वेळ जास्त लागतो. लागू दे.

मुलींच्या बाबतीत दोनच वाक्यं बोलतो, कारण त्यांनी वर्षभरात बोलून नव्हे, उचलून उत्तर दिलंय. वजन उचलून पोरगी बिघडते, हाडं झिजतात, असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी ऑस्ट्रेलियातला 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघावा: हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या 58 वर्षांपुढच्या बायकांना देखरेखीखाली आठ महिने आठवड्यातून दोनदा जड डेडलिफ्ट आणि स्क्वॉट करायला लावले, आणि त्यांच्या कण्याची घनता वाढली.

पैशांचं सांगायचं तर खाशाबा जाधवांचं नाव घ्यावंच लागतं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक गोळेश्वरच्या या मल्लाने आणलं. ही गोष्ट आपल्या भागात प्रत्येक सत्कारात अभिमानाने सांगितली जाते, आणि टाळ्या पडतात. मला ती ऐकताना लाज वाटते. खर्डीकर सरांपुढे मी दंडवत घालतो; पण एका मास्तरावर घर गहाण टाकायची पाळी आणणाऱ्या समाजाने त्याचा अभिमान काय मिरवायचा? सत्तर वर्षांनी आजही पोरं राष्ट्रीय स्पर्धेला जाताना आईची पाटली सोनाराकडे ठेवतात. प्रवेश शुल्क, सिंगलेट, बेल्ट, गाडीभाडं, मुक्काम, सगळी पदरमोड. तेव्हा दानशूर मंडळींनो, शाल-श्रीफळ आणि फ्लेक्सवर होणारा खर्च पुढच्या वर्षी आम्हाला नको. प्रमाणित वजनांच्या प्लेट द्या, एक चांगला स्पर्धा रॅक द्या. त्यावर तुमचं नाव कोरू, मोठ्या अक्षरांत.

रॅकचा आग्रह मी उगाच धरत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बिकानेरला सतरा वर्षांची एक राष्ट्रीय सुवर्णविजेती मुलगी सरावात गेली. 270 किलोचा बार मानेवर आला. त्या बातमीनंतर आमच्या किती मुलींच्या घरी सराव बंद झाला, आणि तो पुन्हा सुरू करायला त्यांच्या आयांना काय काय समजवावं लागलं, हे मला ठाऊक आहे. आपण त्यांना भरवसा द्यायचा तर तो तोंडी चालणार नाही. जड स्क्वॉटच्या वेळी सेफ्टी बार नसलेल्या, मागे आणि दोन्ही बाजूंना माणसं न लावणाऱ्या कोणत्याही जिमला या संघटनेची मान्यता येत्या 1 जानेवारीपासून राहणार नाही. तपासणीला मी स्वतः जाणार आहे. कुणाची जिम आहे, हे विचारणार नाही.

स्पर्धेत ही जबाबदारी घेणारी पाच पोरं आपल्याकडे आहेत. सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक प्रयत्नाला प्लेट चढवायच्या, उतरवायच्या, कॉलर आवळायची, आणि बार डगमगला की स्वतःचे पाय वाचवायचा विचार न करता तो धरायचा. या वर्षी त्यांनी धरलेल्या बारखालून आमचे खेळाडू उठून चालत घरी गेले. त्यांचं नाव आजवर एकाही निकालपत्रात छापलेलं नाही. यंदाचा पहिला पुरस्कार त्यांचा आहे, सर्वोत्कृष्ट खेळाडूच्याही आधी. पाचही जण वर या. आणि पहिल्या रांगेतल्या मान्यवरांनो, तुम्हीही उभे राहा. ही ट्रॉफी त्यांच्या हातात तुम्हीच द्यायची आहे.