दृश्य कुणाचे, हक्क कुणाचा?

फलटण परिसरातील व्हिडिओग्राफर बंधु-भगिनींनो, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या निर्मात्यांनो,

७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा निघाली. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे लेखक नामदेव व्हटकर यांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकून ती चित्रित केली. कुणाची ऑर्डर नव्हती, परतावा मिळेल याची हमी नव्हती. स्वतंत्र कॅमेरामनचे मोल सांगायला मला यापेक्षा मोठे नाव सुचत नाही.

माहितीपटांसाठी तयार दृश्ये विकत घेणे हे माझे काम. स्टॉक फुटेज म्हणतात ते. मला पालखीच्या वारीतले चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण हवे असते, नीरा उजव्या कालव्याचे पाण्याचे आवर्तन हवे असते, फलटणच्या ‘नारी’ या कृषी संशोधन संस्थेच्या सुवर्णा मेंढीची जुळी कोकरे हवी असतात. ही दृश्ये तुमच्याकडे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण ती लग्नाच्या ऑर्डरींखाली दबलेल्या हार्डडिस्कमध्ये आहेत आणि फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेला नुसता आकडा आहे. मग शोधणाऱ्याने शोधायचे कसे? फाइलला नाव द्या: चांदोबाचा लिंब, तरडगावाअलीकडे, उभे रिंगण, माउलींचा अश्व, तारीख, वेळ. एवढे नसेल तर तुमची वारी ‘भारतातील एक यात्रा’ म्हणून विकली जाते आणि तरडगाव त्यातून पुसले जाते. मला याचा खरोखर त्रास होतो.

रिंगण टिपताना तिकाटणे (ट्रायपॉड) लावा. अश्व चौकटीत येण्याआधी काही सेकंद कॅमेरा चालू ठेवा, तो निघून गेल्यावरही लगेच बंद करू नका. टाळ-मृदंगाचा मूळ आवाज जपा. त्यावर गाणे चढवलेली क्लिप माझ्या उपयोगाची नाही. वारकऱ्याचा चेहरा ओळखू येत असेल आणि दृश्य जाहिरातीत जाणार असेल, तर त्याची लेखी संमती हवीच. माहितीपटाला किंवा बातमीला हा नियम सहसा इतका कडक नसतो, पण त्या वारकरी माउलीला विचारून घेणे ही आपली रीत आहे.

आता हक्काचे बोलू, कारण नुकसान तिथेच होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन चित्रण करून घेतले आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे लग्नाचे शूटिंग तुम्ही केले तरी यजमानांना न विचारता ते विकता येत नाही. पण स्वतःच्या मनाने, स्वतःच्या खर्चाने टिपलेले रिंगण तुमचे. ते कुणाला कायमचे देऊन टाकायचे तर लेखी करार लागतो. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ ती पाच वर्षांचीच धरते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. हे कलम पाठ करा. पेन ड्राइव्ह हातात ठेवण्याआधी कागद मागा.

शटरस्टॉक, पाँड५, अडोबी स्टॉक यांची दारे फलटणच्या माणसालाही उघडी आहेत. अडोबी व्हिडिओच्या विक्रीतला ३५ टक्के वाटा देते. मात्र तिथे तुमची क्लिप जगभरच्या लाखो क्लिपांत उभी राहते. सूर्यास्त आणि शहराचे दिवे तिथे मुबलक आहेत. तुमचे बळ तुमच्या गावच्या माहितीत आहे, म्हणून परवाना देताना ‘फक्त तुम्हालाच’ अशी अट सहजी मान्य करू नका. केलीत तर तिची वेगळी किंमत घ्या.

निर्मात्यांनो, तुम्हालाही स्पष्ट सांगतो. ‘नाव देऊ, पैसे नंतर बघू’ ही भाषा बंद करा. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला असतो. उन्हापावसात पालखीबरोबर चालणाऱ्या माणसाला दर आधी सांगा, श्रेयनामावलीत नाव द्या आणि रक्कम दृश्य वापरण्यापूर्वी द्या. यंदाची वारी लोणंद सोडण्याआधी आपापले करारनामे तयार ठेवा, एवढीच दोघांनाही माझी विनंती.