बुडबुड्याची भानगड

पत्रिकेवर विषय छापला होता ‘समुद्राखालच्या तेलाचा शोध’. वक्ते बोलले बुडबुड्यावर.

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका गावात वसंत व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प गुंफायला आलेले हे भूभौतिकीतज्ज्ञ उमेदीची वर्षं सर्वेक्षण जहाजांवर काढून निवृत्त झालेले. 1974 साली ‘सागर सम्राट’नं बॉम्बे हायला तेल शोधलं, हे ‘तुम्हाला पाठच आहे’ म्हणत त्यांनी एका वाक्यात उडवलं. मग खिशातून एक काळं रबरी कडं काढून पहिल्या रांगेत दिलं. ‘फिरवा, पण परत द्या. माझी पेन्शन त्याच्यावर उभी आहे.’

कडं एअरगनचं. नाव बंदुकीचं, पण आत गोळी नाही की दारू नाही. पूर्वी तेलाच्या शोधासाठी समुद्रात डायनामाइट उडवत आणि मेलेली मासळी वर येई. साठच्या दशकात अमेरिकेत स्टीफन चेल्मिन्स्की यांनी दाबलेल्या हवेची एअरगन बनवली. मोटारीच्या टायरात दर चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड दाब असतो, इथे 2000. झडप काही मिलिसेकंदांत उघडते, हवा पाण्यात फुटते, धक्का तळाखालच्या खडकांच्या थरांवर आपटून परततो आणि जहाजामागे कित्येक किलोमीटर ओढलेल्या केबलीतले हायड्रोफोन तो टिपतात. दर दहा सेकंदांनी एक बार धरला तर दिवसाला साडेआठ हजारांवर.

‘वर्तमानपत्रं लिहितात, अडीचशे डेसिबल! जेट विमानापेक्षा भयंकर!’ वक्त्यांचा आवाज इथे चढला. पाण्यातल्या आणि हवेतल्या डेसिबलची मोजपट्टीच वेगळी. तुलना करायची तर सुमारे 62 वजा करावे लागतात. ‘येनमधला पगार रुपयांत सांगून लग्न जमवण्यासारखं आहे हे.’ सभागृह हसलं. वजाबाकी करूनही उरतो तो आवाज प्रचंडच, हे मात्र त्यांनी घाईत सांगितलं.

नंतर बुडबुडा आला आणि घड्याळ मागे पडलं. सुटलेली हवा फुगते, गरजेपेक्षा जास्त फुगते, मग पाणी तिला दाबतं, ती पुन्हा फुगते. प्रत्येक हेलकाव्याला नवा आवाज, म्हणजे एका हाकेला तीन-चार हाका चिकटलेल्या. उपाय असा, की लहानमोठ्या वीस-तीस गन एकदम उडवायच्या. पहिला धक्का सगळ्यांचा एका क्षणी पडतो. बुडबुड्यांचे हेलकावे मात्र आकारागणिक वेगळे, म्हणून ते एकमेकांना खाऊन टाकतात. एका रात्री यातली एकच गन आपली आपण उडू लागली. सर्वेक्षणाच्या त्या रेषेचं रेकॉर्ड वाया. तीन वाजता गनची अख्खी माळ डेकवर ओढली, मेकॅनिकनं बोटांनी चाचपत चाचपत दोष शोधला: एका कड्याला नखाएवढी चीर. बदललं, उतरवलं, तर शेजारची गन गळू लागली! तो मेकॅनिक, त्याची शिवी, कॅप्टनचा चेहरा, कुकनं केलेला चहा, सगळं आलं. पंचवीस मिनिटं गेली. अध्यक्षांची पहिली चिठ्ठी वक्त्यांनी चष्म्याखाली दाबली.

त्यांचा लाडका सिद्धांत यातूनच निघाला. खोल खडकातून परत येतो तो साधारण शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचा आवाज. वरचे हजारो हर्ट्झ कुणाच्याच कामाचे नाहीत, पण डॉल्फिनच्या कानात तेच जातात. ‘गनचा गुन्हा आवाज नाही, उधळपट्टी आहे.’ उद्याचं काम मंद, बराच वेळ थरथरणाऱ्या व्हायब्रेटरचं, असं ते टेबलावर बोट आपटत म्हणाले.

युक्तिवाद देखणा आहे. पण त्याला भोक आहे आणि ते याच किनाऱ्यावर दिसतं. 2015 साली कुणकेश्वरच्या समुद्रात निळे देवमासे दिसले होते. त्यांचं बोलणं शंभर हर्ट्झच्या खाली चालतं, सर्वेक्षणाला हवं असतं नेमकं तिथेच. वरचा आवाज छाटून डॉल्फिन वाचेल, देवमाशाला काय? वक्ते तिकडे फिरकले नाहीत. दुसरी चिठ्ठी आली होती.

प्रश्नाला दोनच मिनिटं. मागच्या रांगेतून एक तांडेल उठले, रबरी कडं हातात. ‘सायबानू, बुडबुडो ऱ्हवांदे. मासळी पळता काय नाय, ता सांगा.’

हशा पिकला, वक्ते हसले नाहीत. बॅरेंट्स समुद्रात नॉर्वेच्या संशोधकांनी मोजलं होतं, ते म्हणाले. गन चालू असताना कॉड आणि हॅडॉकची ट्रॉलरची पकड निम्म्यावर आली. परिणाम 18 सागरी मैलांपर्यंत दिसला आणि गन थांबल्यावर पाच दिवसांतही पकड पूर्ववत झाली नाही. ‘पण ते वेगळे मासे, तो थंड समुद्र...’

‘आणि तुमची जहाजा येतत कधी?’

पावसाळ्यात केबल ओढता येत नाही, म्हणजे उघडीप असेल तेव्हा. तांडेलांची बोटही तेव्हाच बाहेर असते.

‘पाच दिवस डिझेल कोण घालतलो?’

वक्त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी आभारप्रदर्शनासाठी माइक ओढला. तांडेल गर्दीतून वाट काढत व्यासपीठापाशी आले आणि कडं टेबलावर ठेवून गेले.